लिनक्सवर मुकाट लिंक होतं, मॅकवर आणि विंडोजवर अडतं : लायब्ररी जोडणीतले फरक कसे सांभाळायचे?

पाऊसपाणी (शिवाजीनगर)

नमस्कार मंडळी,

हवामान खात्याचं पुण्याचं कार्यालय देशभरातल्या रोजच्या पावसाचा ग्रिड डेटा देतं, १९०१ सालापासूनचा, पाव अंशाच्या चौकोनांत. एका दिवसाचे १३५ गुणिले १२९ आकडे, प्रत्येक आकडा चार बाइटचा फ्लोट, सगळे एका बायनरी फाइलमध्ये ओळीने मांडलेले. त्या फाइली वाचून एखाद्या पाणलोट क्षेत्राची सरासरी काढणारी छोटी सी लायब्ररी आमच्या गटाने लिहिली आहे. तिचं नाव ‘पाऊस’. तिच्यावर उभी असलेली दुसरी लायब्ररी ‘नकाशा’. शिवाय वेगवेगळ्या फाइल प्रकारांसाठी प्लगिन आहेत, ते ‘डीएलओपन’ने (चालू प्रोग्राममध्ये लायब्ररी उघडणारं फंक्शन) उघडतो. बिल्डसाठी, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बांधायला, सीमेक हे साधन.

उबुंटूवर सगळं बिनतक्रार होतं. मॅकवर ‘नकाशा’ लिंक करताना, म्हणजे तुकडे एकत्र जोडताना, ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल्स’ची (न सापडलेल्या फंक्शनांच्या आणि चलांच्या नावांची) लांबलचक यादी येते. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ आधी ‘एम.लिब’ (गणिताची ‘एम’ लायब्ररी) उघडता येत नाही म्हणतो, चूक क्रमांक एलएनके ११८१. ते नाव काढलं की ‘पाऊस’ची डीएलएल, म्हणजे विंडोजवरची शेअर्ड लायब्ररी, तयार होते, पण तिच्याबरोबर ‘पाऊस.लिब’ निघतच नाही, त्यामुळे ‘नकाशा’ पुन्हा अडते.

सध्या बिल्ड फाइलमध्ये ‘विंडोज असेल तर हे, मॅक असेल तर ते’ अशा अटी वाढत चालल्या आहेत. कॉलेजची मुलं तिन्ही प्रकारच्या मशिनींवर हे वापरणार आहेत, म्हणून मुळापासून नीट करायचं आहे. कुठून सुरुवात करावी?

---

बाणेर_बिल्ड

पाऊसपाणी, तुम्ही तीन निरनिराळ्या अडचणी एकत्र सांगितल्या आहेत. मी ‘एम’ची घेतो.

युनिक्सच्या जुन्या रिवाजाप्रमाणे गणिताची फंक्शनं वेगळ्या लायब्ररीत असतात. लिनक्सवर जीलिबसीमध्ये, म्हणजे तिथल्या नेहमीच्या सी लायब्ररीत, ती आजही वेगळी आहेत, म्हणून ‘-एलएम’ (‘एम’ जोडा) असं लिंकरला सांगावं लागतं. मॅकवर सी लायब्ररी, गणित, थ्रेड, डीएलओपन हे सगळं ‘लिबसिस्टिम’ या एकाच छत्राखाली आहे. तिथे ‘-एलएम’ दिलं तरी चालतं आणि नाही दिलं तरी चालतं. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये गणित सी रनटाइममध्येच आहे, ‘एम’ नावाची वस्तूच नाही. म्हणून ११८१.

इथे एक खाचखळगा आहे, तो स्वतः करून बघा. लिनक्सवर दोन ओळींचा प्रोग्राम लिहा : ‘साइन’ला थेट २.० द्या आणि उत्तर छापा. ‘-एलएम’ न देता जीसीसी कंपायलरने बांधा. बिनबोभाट लिंक होईल! कारण आकडा स्थिर आहे हे पाहून कंपायलर उत्तर स्वतःच काढून ठेवतो, ‘साइन’ला हाक मारायची वेळच येत नाही. आता तोच आकडा वापरणाऱ्याकडून ‘स्कॅनएफ’ने वाचा आणि पुन्हा बांधा. लगेच ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू साइन’. त्यामुळे ‘एम लागते का’ हे तपासणारा छोटा प्रोग्राम लिहाल तेव्हा त्यात स्थिर आकडा ठेवू नका, नाहीतर तपासणीच खोटं उत्तर देईल.

आता तुमच्या अटींबद्दल. ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव विचारून निर्णय घेऊ नका. हवं ते फंक्शन कुठे मिळतं ते विचारा. नाव फसवतं :

विंडोजच, पण मिनजीडब्ल्यूने (विंडोजसाठीचा जीसीसी) बांधलं तर तिथे ‘एम’ असते. लिनक्सच, पण अल्पाइनवर मसल ही सी लायब्ररी असते. तिच्यात गणित मूळ लायब्ररीतच आहे आणि ‘एम’ नावाची रिकामी फाइल फक्त जुन्या बिल्ड अडू नयेत म्हणून ठेवलेली आहे. उबुंटू ते उबुंटूसुद्धा एकसारखं नाही. जीलिबसी २.३४ ऑगस्ट २०२१ मध्ये आली, तिच्यात थ्रेडची आणि ‘डीएल’ची लायब्ररी मूळ लायब्ररीत विलीन झाली. त्याआधीच्या मशिनवर डीएलओपनसाठी ‘-एलडीएल’ लागायचं, आता लागत नाही. फ्रीबीएसडीवर ते पहिल्यापासून मूळ लायब्ररीत आहे. सॉकेटचंही (नेटवर्क जोडणीचंही) तेच : लिनक्सवर काहीच जोडावं लागत नाही, विंडोजवर ‘डब्ल्यूएस२_३२’, हायकूवर ‘नेटवर्क’, जुन्या सोलारिसवर ‘सॉकेट’ आणि ‘एनएसएल’.

या सगळ्याच्या अटी हाताने लिहीत बसलात तर यादी संपणार नाही. ऑटोकॉन्फ या साधनात ‘एसी_सर्च_लिब्स’ हे काम नेमकं करतं : आधी काहीही न जोडता फंक्शन मिळतं का बघतं, नाही मिळालं तर दिलेल्या लायब्ररी एकेक करून लावून पाहतं. सीमेकमध्ये ‘चेक_लायब्ररी_एक्झिस्ट्स’ने एममध्ये साइन आहे का विचारा आणि उत्तर हो असेल तरच जोडा. मेसन या बिल्ड साधनात ‘फाइंड_लायब्ररी’ला ‘एम’ देऊन ‘रिक्वायर्ड फॉल्स’ म्हणा. डीएलओपनसाठी सीमेकचं ‘सीमेक_डीएल_लिब्स’ हे चल आधीच भरलेलं असतं, जिथे गरज नाही तिथे ते रिकामं असतं. थ्रेडसाठी ‘थ्रेड्स::थ्रेड्स’. ‘-एलपीथ्रेड’ हाताने लिहिणं सोडून द्या.

---

कर्वेनगर_मॅक

मॅकचा भाग मी सांगते.

लिनक्सवर ‘डॉट एसओ’ (शेअर्ड लायब्ररी) बांधताना लिंकर मूळ स्वभावाने ढिला असतो. ‘नकाशा’मध्ये ‘पाऊस_उघडा’ हे फंक्शन वापरलंय पण ते कुठून येणार हे सांगितलेलं नाही, तरी तो म्हणतो, चालेल, चालवताना कुणीतरी देईलच. तुमच्या मुख्य प्रोग्रामला ‘पाऊस’ जोडलेली आहे म्हणून ते निभावतं. उद्या कुणी पायथनमधून नुसती ‘नकाशा’ उघडली की तिथेच अडेल.

मॅकचा लिंकर हे मान्य करत नाही. तिथे प्रत्येक सिम्बॉलच्या नावाबरोबर तो कोणत्या लायब्ररीतून घ्यायचा हेही लिहून ठेवतात. २००१ साली आलेल्या १०.१ पासून ही दुपदरी नावांची पद्धत आहे. पेठेतल्या पत्त्यावर नुसतं आडनाव लिहून भागत नाही, वाडा कोणता तेही लागतं, तसंच हे. याचा फायदाही मोठा आहे. दोन लायब्ररींमध्ये एकाच नावाचं फंक्शन असेल तर लिनक्सवर आधी सापडेल ते सगळ्यांच्या गळ्यात पडतं. मॅकवर ज्याचं त्याला मिळतं.

इंटरनेटवर शोधलंत तर दहापैकी आठ ठिकाणी ‘-अनडिफाइन्ड डायनॅमिक_लुकअप’ लावा असं सांगितलेलं असेल. कृपा करून लावू नका. ते प्लगिनसाठी आहे, म्हणजे ज्या वस्तूला यजमान प्रोग्रामकडूनच सिम्बॉल मिळणार आहेत तिच्यासाठी. पायथनची एक्सटेन्शन मॉड्यूलं हे त्याचं रास्त उदाहरण. ‘नकाशा’सारख्या साध्या लायब्ररीला ते लावणं म्हणजे तक्रार करणाऱ्याचं तोंड दाबणं.

खरा उपाय एका ओळीचा आहे : ‘टार्गेट_लिंक_लायब्ररीज’मध्ये ‘नकाशा’ला ‘पाऊस’ हवी हे लिहा. ‘नकाशा’च्या हेडरमध्ये ‘पाऊस’चे प्रकार दिसत असतील तर ‘पब्लिक’, नाहीतर ‘प्रायव्हेट’.

आणि मग लिनक्सलाही तेवढंच कडक करा. लिंकरला ‘-झेड डेफ्स’ द्या, म्हणजे अपुरी लायब्ररी तिथेही बांधली जाणार नाही. मेसनमध्ये हे मुळातच चालू असतं, ‘बी_एलअनडेफ’ नावाने. तुमच्या गटातले बहुतेक जण उबुंटूवर काम करतात ना? मग चूक उबुंटूवरच पकडली जायला हवी. विंडोजवाल्या मुलाला ती आठवड्याने सापडण्यात काय अर्थ आहे? फक्त क्लँग कंपायलरने ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी तपासणी) लावून बांधाल तेव्हा ते बंद ठेवावं लागेल, कारण सॅनिटायझरची फंक्शनं लायब्ररीत नसतात, मुख्य प्रोग्राममधून येतात.

---

खराडी_डीएलएल

ताईंनी म्हटलेलं पुढे नेतो. विंडोजवर तर न सांगितलेलं काहीच बाहेर दिसत नाही.

लिनक्सवर आणि मॅकवर लायब्ररीतलं ‘स्टॅटिक’ (फाइलपुरतं मर्यादित) नसलेलं प्रत्येक फंक्शन आपोआप बाहेर उघडं असतं. विंडोजवर उलटा कायदा : ‘डीएलएलएक्स्पोर्ट’ लिहिलेलं किंवा ‘डेफ’ फाइलमध्ये नोंदवलेलं तेवढंच बाहेर. तुमच्या डीएलएलने एकही गोष्ट बाहेर दिलेली नाही, म्हणून लिंकरने इम्पोर्ट लायब्ररी, म्हणजे ती ‘पाऊस.लिब’, काढलीच नाही. मायक्रोसॉफ्टच्या लिंकरला डीएलएलशी थेट जोडता येत नाही, ही छोटी लिब मधे लागतेच.

हेडरमध्ये एक मॅक्रो ठेवा, समजा ‘पाऊस_एपीआय’. लायब्ररी बांधताना त्याचा अर्थ ‘डीएलएलएक्स्पोर्ट’, वापरताना ‘डीएलएलइम्पोर्ट’, स्टॅटिक बांधणीत, म्हणजे लायब्ररी प्रोग्राममध्येच मिसळते तेव्हा, रिकामा. हा हेडर सीमेक स्वतः लिहून देतो, ‘जनरेट_एक्स्पोर्ट_हेडर’ बोलवा.

‘विंडोज_एक्स्पोर्ट_ऑल_सिम्बॉल्स’ ही सोय सीमेक ३.४ पासून आहे. घाईच्या वेळी ती कामाला येते. पण ती फंक्शनांपुरतीच पूर्ण आहे. जागतिक चलांसाठी वापरणाऱ्याच्या बाजूला ‘डीएलएलइम्पोर्ट’ लागतंच. तुमच्या डेटात मोजणी नसलेल्या जागी उणे ९९९ असतो. तो आकडा तुम्ही बहुधा लायब्ररीत एका जागतिक चलात ठेवला असेल. असेल तर त्याऐवजी तो परत देणारं फंक्शन ठेवा. फंक्शनची हाक मधल्या एका उडीवरून जाते म्हणून मॅक्रो विसरलात तरी निभावतं, चलाला तशी उडी नाही.

आता महत्त्वाचं. हाच नियम लिनक्सवर आणि मॅकवरही लावा. ‘सी_व्हिजिबिलिटी_प्रीसेट’ला ‘हिडन’ द्या. जीसीसीमध्ये ही सोय ४.० पासून, म्हणजे २००५ पासून आहे. मग मॅक्रो लिहायचं राहिलं की उबुंटूवरच लिंक अडेल. शिवाय आतली मदतनीस फंक्शनं बाहेर दिसणार नाहीत, म्हणजे ती पुढे मोकळेपणाने बदलता येतील. लायब्ररीला हा कडकपणा लावल्याशिवाय ती तिन्हीकडे चालते असं मी तरी म्हणणार नाही.

अजून एक. स्टॅटिक लायब्ररीही बांधणार असाल तर विंडोजवर तिचं नाव वेगळं ठेवा. इम्पोर्ट लायब्ररी आणि स्टॅटिक लायब्ररी दोन्ही ‘पाऊस.लिब’च होतात आणि एकाच फोल्डरमध्ये एक दुसरीला पुसून टाकते.

---

हिंजवडी_फेज२

एवढी यातायात कशासाठी? सगळं स्टॅटिक जोडा आणि एकच एक्झिक्युटेबल द्या. मुलांना चालवायचंच आहे ना, लायब्ररीचं अंतरंग शिकायचं नाही.

---

जुनी_सांगवी

@हिंजवडी_फेज२, छोट्या साधनाला ते चालेल, मीही तसं करतो. पण यांच्याकडे प्लगिन आहेत, आणि पायथनमधूनही वापर होणार असं दिसतंय. तिथे एकच एक्झिक्युटेबल पुरणार नाही. आणि स्टॅटिकचे स्वतःचे फरक आहेतच, ते कमी नाहीत.

पहिला, क्रम. जीएनयू लिंकर स्टॅटिक लायब्ररी डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो. त्या क्षणी ज्या फंक्शनांची मागणी नोंदलेली आहे तेवढ्यांसाठी तो ऑब्जेक्ट (लायब्ररीतली कंपाइल झालेली फाइल) उचलतो आणि पुढे जातो. म्हणून ‘नकाशा’ आधी, ‘पाऊस’ नंतर, ‘एम’ सगळ्यात शेवटी. उलट लिहिलं की अनडिफाइन्ड. मॅकचा, मायक्रोसॉफ्टचा आणि एलएलव्हीएमचा लिंकर या क्रमाबाबत बराच सोशिक आहे, त्यामुळे मॅकवर लिहिलेली बिल्ड फाइल लिनक्सवर पडते तेव्हा माणूस चक्रावतो. दोन लायब्ररी एकमेकींवर अवलंबून असतील तर ‘स्टार्ट-ग्रुप’ आणि ‘एंड-ग्रुप’मध्ये ठेवता येतात, पण मी म्हणेन की ती गाठच सोडवा.

उबुंटूवर क्रमाचं हे शेअर्ड लायब्ररीलाही लागू आहे. ११.१० पासून तिथे ‘-ॲज-नीडेड’ मुळातच चालू असतं. ‘-एलएम’ आधी आणि सी फाइल नंतर लिहिली तर तेव्हा कुणालाच ‘एम’ नको असते, लिंकर तिला बाजूला ठेवतो. आणि तुम्ही ‘नकाशा’च जोडून तिच्या मागच्या ‘पाऊस’ची फंक्शनं थेट वापरलीत तर ‘डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन’ ही चूक येते. जे स्वतः वापरता ते स्वतः जोडा, इतकाच तिचा अर्थ.

दुसरा फरक जास्त त्रासदायक. प्लगिन स्टॅटिक केलेत आणि प्रत्येक प्लगिन सुरुवातीलाच स्वतःची नोंद करतो अशी रचना असेल, तर त्या ऑब्जेक्टमधल्या कुठल्याच फंक्शनला बाहेरून हाक नसते. मग लिंकर तो ऑब्जेक्ट उचलतच नाही. चूक येत नाही, इशारा येत नाही, फाइल प्रकार गुपचूप गायब! उपाय तिन्हीकडे वेगळ्या नावाने आहे : जीएनयूकडे ‘होल-आर्काइव्ह’, मॅककडे ‘फोर्स_लोड’, मायक्रोसॉफ्टकडे ‘होलआर्काइव्ह’, तेही व्हिज्युअल स्टुडिओ २०१५च्या दुसऱ्या अपडेटपासून. त्यापेक्षा ‘सगळे_प्रकार_नोंदवा’ असं एक साधं फंक्शन लिहा आणि त्यातून प्रत्येकाला नावाने हाक मारा. तिन्ही लिंकरना ते कळतं.

---

हिंजवडी_फेज२

नोंदणीचा मुद्दा पटला. आमच्या एका प्रकल्पात नेमका हाच प्रकार आहे, ‘होल-आर्काइव्ह’ लावून चालवतोय. फंक्शनची कल्पना बरी आहे, उद्या मांडतो.

---

पाऊसपाणी

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘नकाशा’ला ‘पाऊस’ जोडली, ‘हिडन’ आणि ‘-झेड डेफ्स’ चालू केलं, मॅक्रो लावले. उबुंटूवर लगेच बऱ्याच जागा उघड्या पडल्या, त्या भरल्यावर मॅकची आणि विंडोजची बिल्ड जवळजवळ आपोआप सुटली. ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावाच्या अटी एक सोडून सगळ्या गेल्या, सॉकेटची तेवढी उरली.

आता दोन गोष्टी. बांधलेलं चालवताना लायब्ररी सापडत नाही, तिन्हीकडे वेगवेगळ्या तऱ्हेने. आणि विंडोजवर एका विद्यार्थिनीच्या मशिनवर प्रोग्राम ‘फ्री’ करताना, म्हणजे मागितलेली मेमरी परत देताना, कोसळतो. आमचं ‘पाऊस_सरासरी’ आकड्यांचा ॲरे मॅलॉकने (मेमरी मागणारं फंक्शन) बनवून देतं, ती वापरून झाल्यावर फ्री करते. लिनक्सवर हाच कोड ठीक चालतो.

---

खराडी_डीएलएल

दुसरं आधी, ते गंभीर आहे. तिने तिचा प्रोग्राम डीबगमध्ये बांधलाय आणि तुमची डीएलएल रिलीजची आहे, असंच असणार. विंडोजवर एकाच प्रोसेसमध्ये दोन सी रनटाइम सुखाने नांदू शकतात, आणि डीबग रनटाइम मेमरीच्या प्रत्येक तुकड्याच्या आधी स्वतःची नोंद ठेवतो. एकाने दिलेला तुकडा दुसऱ्याकडे परत केला की ती नोंद सापडत नाही आणि तो थांबतो. लिनक्सवर सहसा प्रोसेसमध्ये एकच जीलिबसी असते, म्हणून दिसत नाही.

तिला ‘रिलीज वापर’ असं सांगून विषय मिटवू नका. ‘पाऊस_सोडा’ असं फंक्शन लायब्ररीतच द्या. ज्याने मॅलॉक केलं त्यानेच फ्री करायचं. ‘फाइल’ पॉइंटरसुद्धा सीमेपलीकडे देऊ नका, फाइलचं नाव द्या. स्टॅटिक लायब्ररी देणार असाल तर ‘एमटी’ आणि ‘एमडी’ हे रनटाइमचे पर्याय दोन्हीकडे सारखे हवेत. सी++ मध्ये ते जुळले नाहीत तर एलएनके २०३८ येते, साध्या सीमध्ये तेवढीही सूचना मिळेलच असं नाही.

---

कर्वेनगर_मॅक

चालवताना सापडण्याबद्दल.

लिनक्सवर प्रोग्राममध्ये ‘आरपाथ’ (लायब्ररी कुठे शोधायची ती वाट) लिहिता येतो, त्यात ‘डॉलर ओरिजिन’ म्हणजे मी जिथे आहे ती जागा. मॅकवर लायब्ररी स्वतःच्या आतच स्वतःचं ‘इन्स्टॉल नेम’ बाळगते, आणि तिला जोडणाऱ्यात ते जसंच्या तसं उतरतं. म्हणून ते ‘ॲट-आरपाथ’ने सुरू होणारं ठेवा आणि प्रोग्राममध्ये ‘ॲट-लोडरपाथ’ धरून आरपाथ द्या. काय उतरलंय ते ‘ओटूल -एल’ने बघा, लिनक्सवर ‘रीडएल्फ -डी’. नंतर ‘इन्स्टॉल_नेम_टूल’ने बदललंत तर कोडची डिजिटल सही पुन्हा करून घ्या, ॲपल सिलिकॉनवर बिघडलेल्या सहीचा कोड चालत नाही.

‘डीवायएलडी_लायब्ररी_पाथ’वर विसंबू नका. एल कॅपिटनपासून, म्हणजे २०१५ पासून, शेलसारख्या सिस्टिमच्या प्रोग्राममधून जाताना ते चल पुसलं जातं. बिल्ड स्क्रिप्टमध्ये दिलेलं मग पोहोचतच नाही. होमब्रूचा पत्ताही बांधून ठेवू नका. इंटेलवर ते ‘यूएसआर-लोकल’मध्ये असतं, ॲपल सिलिकॉनवर ‘ऑप्ट-होमब्रू’मध्ये. आणि मॅकच्या सिस्टिम लायब्ररी डिस्कवर शोधून ‘आहे की नाही’ ठरवू नका. बिग सरपासून त्या फाइल म्हणून तिथे नसतात, एका सामायिक कॅशमध्ये असतात. लिंकरला एसडीकेमधल्या ‘टीबीडी’ फाइली पुरतात.

विंडोजवर आरपाथ नाही. डीएलएल प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवा. सीमेक ३.२१ पासून ‘टार्गेट_रनटाइम_डीएलएल्स’ आहे, बिल्ड संपल्यावर लागणाऱ्या डीएलएल त्याने उचलून शेजारी ठेवता येतात.

---

जुनी_सांगवी

कॉलेजच्या मशिनींवर तयार बायनरी देणार असाल तर जीलिबसीचं लक्षात ठेवा. नव्या उबुंटूवर बांधलेलं जुन्यावर नेलं की ‘जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’ म्हणून थांबतं. उलट दिशेने, जुन्यावर बांधून नव्यावर नेलेलं, चालतं. तेव्हा ज्या सगळ्यात जुन्या आवृत्तीवर चालवायचं आहे तिच्या कंटेनरमध्ये बांधा. पायथनवाल्यांनी हेच नियमात बसवलंय : ‘मेनीलिनक्स२०१४’ सेंटओएस ७ वर उभं आहे, तिथली जीलिबसी २.१७. अल्पाइनसाठी मात्र वेगळी बायनरी लागेल, मसल आणि जीलिबसी एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

पीकेजी-कॉन्फिगची (लायब्ररी कशी जोडायची ते बिल्डला सांगणारं साधन) फाइलही द्या. ‘एम’ त्यात ‘लिब्स’मध्ये लिहू नका, ‘लिब्स.प्रायव्हेट’मध्ये लिहा. शेअर्ड वापरणाऱ्याला ती लागत नाही, स्टॅटिक वापरणारा ‘--स्टॅटिक’ देऊन मागेल तेव्हाच मिळेल. आणि ती ओळ हाताने लिहू नका, बाणेरकरांनी सांगितलेल्या तपासणीचं उत्तर तिथे भरा, म्हणजे विंडोजवर निघालेल्या फाइलमध्ये ‘एम’ येणार नाही.

---

पाऊसपाणी

‘पाऊस_सोडा’ घातलं, तिच्या मशिनवर डीबगमध्येही कोसळणं थांबलं. नोंदणीसाठी नावाने हाक मारणारं फंक्शन लिहितोय. एक शेवटचं : मिनजीडब्ल्यूने बांधलेली डीएलएल व्हिज्युअल स्टुडिओवाल्याला दिली तर चालेल का?

---

बाणेर_बिल्ड

तुमची सीमा साध्या सीची आहे, त्यामुळे चालेल. त्याला इम्पोर्ट लायब्ररी त्याच्या साधनांनी बनवून द्या : डेफ फाइल काढा आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘लिब’ आज्ञेला द्या. सी++ चे क्लास बाहेर दिलेत तर चालणार नाही, दोघांची नावं गुंफायची पद्धत वेगळी आहे. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न सी’ आहे ना, तेवढं बघून घ्या.